कांदा भज्यांना ठेवा, डोक्याला नको

रविवारी ताईने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘टक्कल पडतंय? लासलगावच्या लाल कांद्याचा रस लावा, २१ दिवसांत केस परत. केमिकलची बाटली आजच फेका.’ सोबत औषध, बोअरचं पाणी, हेल्मेट, मुंडण यांवरही बरेच दावे. खाली दहा-बारा जणांचे हात जोडलेले. असले मेसेज मी उघडतही नाही. पण तिच्या मुलाने, वय २४, अंबडला कंपनीत कामाला, खरोखर मिनॉक्सिडिलची, म्हणजे केस वाढवायच्या औषधाची, बाटली फेकली होती आणि नऊ दिवस रस चोळून कपाळावरची कातडी सोलवटून घेतली होती. मग गप्प कसं बसणार?

आधी कांदा. नाशिककराने कांद्याविरुद्ध बोलणं म्हणजे घरभेदीपणाच, तरी बोलतो. मेसेज म्हणतो, ‘परदेशात सिद्ध झालंय.’ अभ्यास आहे, नाही म्हणत नाही. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी तो ‘जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त छापला. ३८ रुग्ण, काहींना दिवसातून दोनदा कांद्याचा रस, बाकीच्यांना नळाचं पाणी. रसवाल्या २३ पैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. वाचून ताई खूश होईल, पण ते रुग्ण चाईचे होते! चाईत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते आणि रुपयाएवढा गोल चट्टा पडतो. असे चट्टे पुष्कळदा आपोआपही भरतात. नळाचं पाणी लावलेल्यांतही दोघांना केस आले होते. भाच्याचं तसं नाही. दोन्ही बाजूंनी कपाळ वर चढतंय, टाळूवर विरळ होतंय. हा पुरुषांचा आनुवंशिक प्रकार. डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे तिथली मुळं हळूहळू बारीक होत जातात. त्यावर कांदा चालतो असं त्या अभ्यासात एका ओळीतही नाही. आणि कांदा लासलगावचा होता, असंही नाही.

आता ज्या मुद्द्याने खरं नुकसान केलं तो: ‘मिनॉक्सिडिलने आहेत तेही केस गळतात.’ अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, कारण विसावलेले जुने केस ढकलून नवे वाढीला लागतात. भाच्याने नेमकं सहाव्या आठवड्यात, उशीवरचे केस मोजून, औषध सोडलं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. ‘सोडलं की परत जातात’ हेही खरं, काही महिन्यांत जातात. पण बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वाढलं तर आपण गोळीला शिव्या देतो का? (मिनॉक्सिडिल मुळात बीपीचीच गोळी. ती खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले, तेव्हा डोक्याला लावायचा विचार पुढे आला. अमेरिकेत लावायच्या औषधाला १९८८ मध्ये मान्यता मिळाली.) टाळूवर ते बरं चालतं, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी, हेही मान्य. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

बाकीचे मुद्दे भराभर. बोअरच्या पाण्याने आणि हेल्मेटने टक्कल पडतं? दोन्ही अख्ख्या डोक्याला लागतात, मग मागचे आणि कानावरचे केस शाबूत कसे राहतात? हेअर ट्रान्सप्लांटवाले तिथलेच तर उचलतात. आणि ‘एकदा गोटा केला की दाट येतात’ यावर काय बोलायचं! रामकुंडावर मुंडण करून आलेल्या कुठल्याही टकलू काकांना विचारा, टाळूवर काही उगवलं का ते.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. ताईने नुसता अंगठा दाखवला. रात्री भाच्याचा फोन आला, “मामा, परत सुरू केलं तर परत गळतील का?”

“थोडे गळतील कदाचित. पण आधी कातडी बरी होऊ दे. सोललेल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. आणि यावेळी डॉक्टरांना डोकं दाखव, आईला नको.”