अर्ध्या गुंठ्याचा हिशेब

गच्चीवर चार मिरच्या लागल्या की ‘आम्ही आता स्वयंपूर्ण’ म्हणून फोटो पडतात. मीही टाकलाय, त्यामुळं कुणाला हसायला म्हणून हे लिहीत नाही.

मला हे खूळ लागलं कोल्हापूरच्या ऑगस्ट २०१९ च्या पुरात. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ च्या वर गेलेली. शिरोलीजवळ हायवे बंद. दूध, भाजी, पेट्रोल, सगळ्याची बोंब. आमचं घर राजारामपुरीत, त्यामुळं पाणी दारापर्यंत आलं नाही, पण उपसा केंद्रंच बुडाल्यावर नळाला तरी कुठलं यायला! भर पुरात घागर घेऊन टँकरची वाट बघायची. तेव्हा ठरवलं, आपलं आपण पिकवायचं.

आता हिशेब बघा. आमची गच्ची साडेपाचशे स्क्वेअर फूट, म्हणजे अर्धा गुंठा. एकरी आठ क्विंटल धरून सगळ्या गच्चीवर शाळू पेरला तर निघणार दहा किलो. चार माणसांची महिन्याची भाकरीसुद्धा धड होत नाही, आणि चिमण्यांचा वाटा अजून काढलेला नाही. आपल्या कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी, शेतकऱ्यांची ‘प्रयोग परिवार’ चळवळ उभी करणाऱ्यांनी, एका कुटुंबाला दहा गुंठे सांगितले होते. तेही ऊन, पाणी, काडीकचरा यातलं काही वाया न घालवता. आपण अर्ध्या गुंठ्यात कसले स्वयंपूर्ण?

तरी लावलं. गुऱ्हाळावरनं चिपाडं आणली, पाचट, शेणखत, वर थोडी माती. निव्वळ माती भरू नका, ड्रम हलत नाही आणि स्लॅबलाही भार. मेथी महिन्यात काढायला आली. मिरचीवर मावा पडला, आंबट ताक मारलं, थोडा गेला, थोडा अजून आहे. वांग्यानं मात्र दोन वर्षं नुसती पानं दाखवली.

पोकळ्याचं बी दिलं आमच्या भाजीवाल्या मावशींनी. नदीपलीकडच्या गावातनं पाटी घेऊन येतात, मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या रानातली भाजी. गच्चीचं ऐकून आधी म्हणाल्या, “मग आता माझ्याकडनं घेणार न्हाईस की काय?” आणि दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतनं बी काढून दिलं. खसखशीएवढं, काळं, चकचकीत. “मुळासकट उपटू नको. शेंडा खुड, परत फुटतंय. आणि दोन झाडं बियाला ठेव.”

जुलै २०२१ ला परत पूर. परत हायवे बंद. म्हटलं, आता आपल्या बागेची परीक्षा. तर सलग पावसात मेथी कुजली, कोथिंबीर पिवळी पडली, टोमॅटोला करपा. उभं राहिलं ते मोरीच्या पाण्यावर वाढलेलं आळू आणि कढीपत्ता. त्या दिवसांत आम्हाला खरं जगवलं ते आईच्या डब्यांनी. उन्हाळ्यात घातलेले सांडगे, कांदा-लसूण चटणी, मटकी, शेंगदाणे. तिनं गच्चीवर एक कुंडी ठेवली नाही कधी, पण वाळवणाला तीच गच्ची वापरली. बेगमी म्हणायचे याला. माझ्या मते पुरात कामाला येते ती ही. ताजी भाजी हा मागाहूनचा लाड आहे, चांगला लाड आहे, पण त्याला स्वयंपूर्णता म्हणू नका. आणि गच्चीवर भाजी येते म्हणून मंडईत पाटीवालीशी दोन रुपयांवरनं घासाघीस करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. एक पेंडी वाढवायला किती पाणी, किती वाकणं लागतं हे तर आपल्यालाच कळायला पाहिजे की!

पूर ओसरल्यावर मावशी बऱ्याच दिवसांनी आल्या, रिकाम्या हातानं. मळी तर गेलीच होती, घरातही पाणी शिरलेलं. माळ्यावरचं बियाण्याचं गाडगं पार भिजून मोड आलेले. मी आत जाऊन बरणी आणली. त्यांचंच पोकळ्याचं बी, दोन झाडं ठेवून धरलेलं, राखेत घोळवून ठेवलेलं. त्यांनी मूठभर तळहातावर घेतलं, फुंकर मारली, राख माझ्या तोंडावर उडाली.

“बी बरं हाय,” म्हणाल्या. “राख लई घातलीस.”