हेडफोन फुल करून किकची लेव्हल कळत नाही

'प्रो ड्रम्सचे सात नियम' अशी एक पोस्ट सध्या फिरतेय, बीट बनवणाऱ्यांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर कुणी ना कुणी ती टाकलेली आहे. अशा पोस्टच्या नादी मी सहसा लागत नाही. पण माझ्या मावसभावाने ही मनावर घेतली, आणि परवा मला विचारत होता की ताई, रात्री झोपताना कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, हेडफोन बदलायला हवेत का? हेडफोनचा काही दोष नाहीये. दोष त्या पोस्टमधल्या चौथ्या नियमाचा आहे आणि तो लिहिणाऱ्याला कानाविषयी काही माहिती नाही, म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १) प्रत्येक किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा खोल ठोका) गाण्याच्या की मध्ये, म्हणजे मूळ सुरात, ट्यून झालीच पाहिजे, २) किक सोडून सगळ्याला १५० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचा आवाज कापून टाकणं), ३) स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) आणि हॅट (झांजांची जोडी) २० मिलिसेकंदांपर्यंत रँडम हलवा म्हणजे 'ह्युमन फील' येतो, ४) मिक्स करताना हेडफोन फुल ठेवा, छातीत किक जाणवली की लेव्हल बरोबर, ५) कमीत कमी तीन किक एकावर एक लेयर करा, ६) ड्रम बसवर (सगळ्या ड्रम्सच्या एकत्र ट्रॅकवर) लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं टूल) लावून वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) सपाट होईपर्यंत चेपा, ७) किकवरून सगळ्या ट्रॅकना साइडचेन (किक वाजली की बाकीचा आवाज क्षणभर खाली जातो).

चार नंबरपासून सुरू करते, कारण बाकीच्या नियमांनी फार तर एखादा ट्रॅक वाया जाईल, याने कान वाया जातात आणि ते परत मिळत नाहीत.

पोस्टमधलं कारण असं की कमी आवाजात बेस 'खोटा' ऐकू येतो आणि फुल आवाजात 'खरा'. यातली अर्धी गोष्ट बरोबर आहे, ती मान्य करते. आवाज कमी केला की आपल्या कानाला खालच्या फ्रिक्वेन्सी खरंच कमी ऐकू येतात. यावर आयएसओ २२६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती डेसिबल दिले की ती कानाला सारखीच मोठी वाटते याचे आलेख त्यात आहेत. २००३ च्या आवृत्तीतले आकडे बघा. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर जेवढा वाटतो, तेवढाच वाटायला ५० हर्ट्झच्या सुराला साधारण ७८ डेसिबल लागतात, म्हणजे ३८ ने जास्त. आता आवाज वाढवा. १००० हर्ट्झ ८० डेसिबलवर असेल तर ५० हर्ट्झला साधारण १०२ लागतात, म्हणजे फक्त २२ ने जास्त. म्हणजे नुसता व्हॉल्यूम बदलल्याने किकचा तळ आणि बाकी गाणं यांच्यातला तोल १६ डेसिबलने सरकतो. १६ डेसिबल म्हणजे किती हे ज्याने कधी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवलाय त्याला वेगळं सांगायला नको.

आता हेडफोन फुल ठेवून मिक्स करणाऱ्याचं काय होतं ते बघा. त्याला किक प्रचंड मोठी वाटते, तो फेडर खाली घेतो, खूश होतो, आणि तोच ट्रॅक दुसऱ्या दिवशी साध्या आवाजात लावला की किक गायब. मग तो म्हणतो सँपल फालतू होतं, नवीन पॅक उतरवतो, अजून एक लेयर टाकतो (नियम पाच!), आणि परत फुल व्हॉल्यूमवर जाऊन बसतो. म्हणजे नियमाने जे मिळेल असं सांगितलंय, त्याच्या बरोबर उलटं पदरात पडतं. ऐकणारे लोक काही फुल व्हॉल्यूमवर ऐकत नाहीत, काम करताना, गप्पा मारताना मागे लावून ठेवतात.

हॅटचं तर अजून वाईट. मोठ्या आवाजात बराच वेळ ऐकलं की कान तात्पुरता मंदावतो, आणि तो मुख्यतः वरच्या फ्रिक्वेन्सींना मंदावतो. त्यामुळे हॅट बोथट वाटायला लागते आणि हात आपोआप ईक्यूकडे (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करायच्या टूलकडे) जातो. भावाचा प्रोजेक्ट उघडून बघितला तर हॅटवर ८ किलोहर्ट्झच्या वर ६ डेसिबलचा शेल्फ (म्हणजे त्यावरचं सगळं वाढवलेलं), त्यावर एक्सायटर (वरचा चकचकीतपणा वाढवणारं टूल), आणि ओव्हरहेड लूपवर (वरून टिपलेल्या आख्ख्या ड्रम सेटच्या) परत तेच. सकाळी ताज्या कानांनी त्यालाच ते ऐकवलं तर त्याने पहिल्या चार बारमध्ये (आवर्तनांत) थांबवायला सांगितलं.

आणि ती 'छातीत किक' तर हेडफोनमध्ये येणारच नाही! छातीत जे जाणवतं ते मोठ्या स्पीकरने खोलीतली हवा हलवल्यामुळे, ती हवा अंगावर आदळते म्हणून जाणवतं. हेडफोनचा एवढासा ड्रायव्हर फक्त कानासमोरची हवा हलवतो, छातीपर्यंत काहीच पोचत नाही. जी गोष्ट होऊच शकत नाही तिची वाट बघत माणूस व्हॉल्यूम वाढवत राहिला तर तो थांबणार कुठे?

किती आवाज किती वेळ याचा हिशोब झालेला आहे. अमेरिकेची नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. हे निकष कारखान्यातल्या आवाजासाठी आहेत, संगीतासाठी नाहीत, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. किक आवडीची असली म्हणून कानात जाणारी ऊर्जा कमी होत नाही. बरेचसे हेडफोन १०० डेसिबलच्या पुढे सहज जातात, आणि रात्री बीट बनवायला बसलेला माणूस १५ मिनिटांत उठत नाही. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. शिट्टी वाजणं ही त्याची सूचना असू शकते, आणि ती थांबत नसेल तर कानाच्या डॉक्टरकडे जायचं, फोरमवर विचारत बसायचं नाही.

मग लेव्हल कशी ठरवायची? हेडफोनवर एवढ्याच आवाजात काम करा की हाताच्या अंतरावरचा माणूस साध्या आवाजात बोलला तर ऐकू येईल. मॉनिटर (स्टुडिओ स्पीकर) असतील तर पिंक नॉइज (तपासणीसाठीचा एकसारखा खरखर आवाज) लावून बसायच्या जागी साधारण ७५ डेसिबल ठेवा, फोनवरचं मीटर अगदी अचूक नसतं पण अंदाजाला पुरतं. आणि किक तपासायची तर व्हॉल्यूम वाढवून नाही, कमी करून. ट्रॅक जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणा आणि कोण आधी गायब होतं ते ऐका. किकचा तळ जाईलच, पण तिचा सुरुवातीचा टिच्च आवाज, साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमधला, तो राहिला पाहिजे, त्यावरूनच कानाला किक पडल्याचं कळतं. फोनच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ जवळजवळ येतच नाही, तरी तिथे चांगल्या ट्रॅकची किक कळते ती याच भागामुळे. तो नसेल तर तिथे थोडं वाढवा, ५० हर्ट्झ फुगवत बसू नका. अधूनमधून मिनिटभर आवाज वाढवून बघायला हरकत नाही, तेवढं मीही करते.

आता तिसरा नियम, रँडम हलवण्याचा. याचा मला मनापासून राग येतो कारण यात ग्रूव्ह म्हणजे काय हेच समजलेलं नाही. ड्रमर चुकतो म्हणून फील येत नाही, तो ठराविक ठोके ठराविक प्रमाणात मागे-पुढे ठेवतो म्हणून येतो. रॉजर लिन, ज्याने १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रम मशीन काढलं आणि पुढे अकाईबरोबर १९८८ चं एमपीसी ६०, त्याने आपल्या मशीनमधला स्विंग कसा चालतो ते स्वतः सांगितलेलं आहे: प्रत्येक आठव्या नोटमधली (अर्ध्या बीटमधली) दुसरी सोळावी नोट (पाव बीट) उशिरा वाजवायची, बस्स. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे ट्रिपलेट. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) सोळावी नोट १२५ मिलिसेकंदांची असते. ५४ टक्के स्विंग दिला तर दुसरी नोट फक्त १० मिलिसेकंद मागे जाते, पण दर वेळी तीच, तेवढीच. त्या सातत्यामुळे मान डोलते. त्याजागी २० मिलिसेकंद रँडम दिले तर एकदा हॅट पुढे, एकदा मागे, आणि कानाला धरायला काहीच उरत नाही. माणसाचा हात आणायचा असेल तर आधी वेलॉसिटीकडे (ठोका किती जोरात) बघा, चारही हॅट १२७ वर, म्हणजे सगळ्यात जोरात, ठेवून टायमिंग हलवण्यात अर्थ नाही. दोन मोठ्या, मधल्या दोन निम्म्या, एवढं केलं तरी लूप जिवंत होतो. आणि टेक्नो करत असाल तर ग्रिडवर सरळ ठेवायलाही लाजू नका.

पाचवा नियम, तीन किक. लेयर करतात, मीही करते, पण प्रत्येक लेयरला काम असेल तरच. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. म्हणजे दोन किकच्या तळात १० मिलिसेकंदांचा फरक पडला की एक वर जात असते तेव्हा दुसरी खाली, आणि दोन किक मिळून एकीपेक्षा बारीक ऐकू येतात. झूम करून दोन्ही वेव्हफॉर्म एकाखाली एक ठेवा, पहिली लाट एकाच दिशेला जातेय का बघा, नसेल तर एकीची पोलॅरिटी उलटवा (लाट वरची खाली करा) किंवा ती थोडी सरकवा. सगळ्यात सोपं म्हणजे तळ एकाच किकचा ठेवा आणि दुसरीला हाय-पास करून तिचा फक्त वरचा टिच्च भाग घ्या. तिसरी बहुतेक वेळा लागत नाही.

किक ट्यून करण्याबद्दल पोस्टवाल्याचं थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. ८०८ ड्रम मशीनसारखी लांब शेपटीची किक, जी बेसचंच काम करते, ती सुरात नसेल तर खटकतेच, ट्यून करा. पण छोट्या, ९०९ ड्रम मशीनसारख्या किकचा सूर काही क्षणांत वरून खाली घसरतो, तिथे एक ठाम नोट कानाला मिळतच नाही. आणि समजा ट्रॅक सी मध्ये आहे. खालचा सी साधारण ३३ हर्ट्झवर, बऱ्याच स्पीकरना तो वाजवता येत नाही, आणि वरचा ६५ वर, तिथे क्लबच्या किकचं वजन येत नाही. मग नियम पाळायचा म्हणून चांगली ५० हर्ट्झची किक ओढून बिघडवायची का? बेसबरोबर वाजवून बघा, भांडत नसेल तर सोडून द्या.

दोन आणि सात पटकन. १५० वर सरसकट हाय-पास केला तर स्नेअरचं अंग आणि टॉम ड्रमचा जीव दोन्ही जातात, जिथे खरंच गडगड असेल तिथेच कापा. साइडचेन बेसला आणि पॅडला ठीक, पण सगळ्यालाच लावलं तर आख्खं गाणं धापा टाकतं, ती स्टाइल म्हणून हवी असेल तर गोष्ट वेगळी.

राहिला लिमिटर. 'जितकं लाऊड तितकं प्रो' हे स्ट्रीमिंगला तरी लागू होत नाही. स्पॉटिफाय डीफॉल्टला सगळे ट्रॅक साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं एकक) आणतं. तुम्ही चेपून उणे ७ केलात तर ते तुमचा ट्रॅक ७ डेसिबलने खाली घेणार, आणि चेपलेला स्नेअर मात्र चेपलेलाच राहणार. क्लबमध्ये, डीजे सेटमध्ये हे नॉर्मलायझेशन नसतं, ऐकणाऱ्याला ते बंदही करता येतं, आणि ड्रम अँड बेससारख्या प्रकारांत ड्रम्स मुद्दाम क्लिप करतात (शिखरं कापतात), ते छान वाजतं, हे सगळं मान्य. पण ते ऐकून ठरवतात, वेव्हफॉर्म किती सपाट दिसतो ते बघून नाही. तपासायचं असेल तर लिमिटर लावलेलं आणि न लावलेलं अशी दोन व्हर्जन काढा, मीटरवर दोन्हींचे एलयूएफएस सारखे होईपर्यंत मोठं व्हर्जन खाली आणा, आणि मगच आलटूनपालटून ऐका. लेव्हल सारखी न करता केलेल्या तुलनेत बहुतेक वेळा जास्त आवाजाचं व्हर्जनच चांगलं वाटतं.