स्वतःचा गेम कसा करून घ्यावा

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घरात आणताना 'गेम' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "ब्लू-रे प्लेअर आहे, त्यावर यूट्यूबही दिसतं," एवढंच सांगायचं. पंचेचाळीस हजारांचा ब्लू-रे प्लेअर कशाला, असं बायकोनं विचारलंच तर "हप्त्यांवर आहे" म्हणावं. मध्यमवर्गीय मराठी घरात हप्ता म्हटलं की उधळपट्टीची आपोआप शिस्त होते. मी हे करून बसलो आहे, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

आता किंमत. यंत्र जुनं झालं की स्वस्त होतं, थांबावं, असं वडिलांनी तुम्हाला स्कूटर आणि फ्रिज घेताना शिकवलं असेल. ते विसरा. सोनीचा कन्सोल प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आला आणि २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात. डिस्कवाला ४९,९९० रुपये, डिजिटल ३९,९९०. आगाऊ नोंदणी उघडली आणि काही मिनिटांत संपली. वडिलांचं ऐकून जे थांबले, त्यांच्यासाठी २०२२ च्या अखेरीस तोच डबा पाच हजारांनी महाग झाला. मी थांबणाऱ्यांतला. ४४,९९० मोजले आणि त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून डिजिटल घेतला.

सगळ्यात भारी मॉडेल हवं असेल तर अजून मजा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'प्रो' आला, तेव्हा कंपनीनं कळवलं की भारतात तूर्त नाही. कारण त्यातल्या वाय-फाय ७ ला ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लागतो आणि तो आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. आमच्या घरी वाय-फायला बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत धाप लागते. ते कुठल्या पट्ट्यातून येतं हे मी कधी विचारलेलं नाही. तुम्ही मात्र विचारा. जे आपल्याकडे नाही त्याबद्दल गेमरचं मत सखोल असलं पाहिजे.

अशा वेळी मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठावा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं दिसेल, ते वाचून मागे फिरू नका. निन्टेंडो या जपानी कंपनीनं स्विच नावाचा कन्सोल २०१७ साली काढला आणि भारतात अधिकृतपणे आणलाच नाही, तरी तो इथं काचेमागे मेथीच्या जुड्यांसारखा रचलेला असतो. वॉरंटीचं विचारलंत तर "दुकानाची वॉरंटी आहे ना" असं ठणठणीत उत्तर मिळतं. तिची मुदत म्हणजे तुम्ही त्या दुकानात उभे आहात तोपर्यंत. बिल मागू नये. मागितलं की भाव बदलतो आणि समोरच्या माणसाची नजरही.

खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून उर भरून येऊ द्या. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर सुरुवातीला चक्क '८के', म्हणजे अतिस्पष्ट चित्राचं वचन, छापलेलं होतं. ते २०२४ मध्ये गुपचूप निघून गेलं. लग्नाच्या बायोडेटात 'गिर्यारोहणाची आवड' असते आणि पुढे सिंहगडही होत नाही, तसंच. साठवणुकीची जागा ८२५ जीबी म्हणून सांगतात, गेमसाठी हाती येते ६६७ च्या आसपास. सुपर बिल्ट-अप आणि कार्पेट यांतला फरक ज्यानं एकदा फ्लॅट घेऊन सोसलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग टीव्ही. जुना टीव्ही ६० हर्ट्‌झचा असतो, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, तो काढून १२० चा घ्यावाच लागतो, नाहीतर कन्सोलचा अपमान होतो. आमच्याकडे आला. त्यावर रोज साडेसात ते दहा मालिका लागतात. सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा झेपावतो, आणि आईचं म्हणणं आहे की हल्ली चित्र फार स्पष्ट येतं, मेकअप दिसतो.

एवढी तयारी झाली की रविवारी दुपारी भाच्याला बोलवा. आमचा आला. "मामा, गाडीचा गेम लाव ना." लावला. पडद्यावर ४० जीबीचं अपडेट. भाचा समंजस आहे, "मी खाली जाऊन येतो" म्हणाला. क्रिकेटचा एक डाव खेळून, एक चेंडू जोशीकाकूंच्या गॅलरीत घालून, त्यांच्या शिव्या आणि चिवडा दोन्ही खाऊन तो परत आला. "झालं?" "८३ टक्के." "मामा, हा गेम असाच असतो का?" मी हो म्हणालो. बघायला गेलं तर त्यातही एक रेघ डावीकडून उजवीकडे धावत असतेच.

इथे मला थोडं मागे जायची परवानगी द्या. माझा पहिला व्हिडिओ गेम (तेव्हा यंत्रालाच व्हिडिओ गेम म्हणायचे, कन्सोल हे खोकल्याचं औषध वाटलं असतं) म्हणजे निन्टेंडोनं १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होती. ही नक्कल दुकानागणिक वेगळ्या नावानं मिळायची. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं लिहिलेलं. आत मोजून सहा-सात गेम. बाकीचे तेच, कुठे नाव बदलून, कुठे तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे. मतदारयादीत एकच माणूस चार पत्त्यांवर सापडतो ना, तसे. म्हणजे फसवणूक तेव्हाही होती. फक्त ती विकत घेतली की आपली व्हायची. कॅसेट चालेना की काढायची, फुंकायची, परत घालायची. त्या फुंकरीनं काहीच होत नसे. काढून परत घातल्यानं पिना नीट टेकत, एवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्यानं त्या गंजत, आणि फुंकू नका असं खुद्द निन्टेंडोचंच सांगणं होतं. पण गल्लीतला प्रत्येक पोरगा आपली फुंकर गुणाची आहे असं मानून होता. 'कॉन्ट्रा' सुरू होण्याआधी वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए एवढं दाबलं की ३० जीव मिळायचे. ते पाढ्यांसारखं पाठ होतं, पाढ्यांपेक्षा जास्त काळ टिकलं, आणि फुकट होतं.

फुकट ही वाईट सवय. ती घालवायला उद्योगानं काय कष्ट घेतले ते तुम्ही कौतुकानं बघा. एप्रिल २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत वेगळे अडीच डॉलर घेऊन विकायला काढलं. जगभरचे गेमर हसले. नाल सापडली म्हणून घोडा घेणाऱ्याला आपल्याकडेही हसतात. पण हसता हसता लोकांनी ते घेतलं. त्यानंतर टोप्या, बंदुकीचे रंग, नाचण्याच्या तऱ्हा, सगळं सुटं विकायला आलं. आत काय आहे हे न सांगता पैसे घेऊन उघडायच्या पेट्याही आल्या. बेल्जियमनं २०१८ मध्ये त्या जुगारात मोडतात असं ठरवलं. आपल्या जत्रेत चिठ्ठी उचलून प्लास्टिकचा कंगवा मिळवणाऱ्याला निदान कंगवा तरी मिळतो.

जुगारावरून आठवलं. नातेवाइकांत 'मी गेमर आहे' असं कधीही सांगू नका. पुढचा प्रश्न "रमी का रे?" हाच असतो. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळात बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत गाजली. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो. (आपल्याला पटतं. अपडेट घालवता घालवता आमचंही आयुष्य चाललंय.) काही दिवसांत त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. पुढच्याच महिन्यात केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मी २५ वर्षं खेळतोय, मला सोसायटीच्या क्रीडा समितीतही कुणी घेतलेलं नाही.

आगाऊ नोंदणी अवश्य करा. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आगाऊ सांगावा लागतो, कारण पाणी संपतं. डाउनलोड करायचा गेम संपू शकत नाही, तरीही त्याचे पैसे महिनाभर आधी भरायचे, हीच खरी निष्ठा. 'सायबरपंक २०७७' साठी जगभर लोकांनी ती दाखवली. गेम १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या कन्सोलवर इतका अडखळला की सोनीनं जेमतेम आठवडाभरात तो आपल्या दुकानातूनच काढून टाकला. परत ठेवला तो पुढच्या वर्षी जूनमध्ये.

आता मुख्य मुद्दा: तुम्ही गेम विकत घेता म्हणजे नक्की काय घेता? 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम युबिसॉफ्टनं २०१४ मध्ये काढला. एकट्यानं गाडी चालवायची असली तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं राहावं लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. मुहूर्त बघा, मार्च एंड. त्या दिवसापासून ज्यांनी रोख पैसे मोजले होते त्यांचाही गेम सुरू होईना. पुढे खरेदीदारांच्या खात्यातून परवानेसुद्धा निघाले. पुण्यातल्या दुकानदारांना उगाच नावं ठेवतात. एक ते चार दुकान बंद असतं, बोलणं तिरकं असतं, सगळं मान्य. पण चार महिन्यांपूर्वी विकलेली बाकरवडी परत न्यायला तो घरी येत नाही.

'कॉनकॉर्ड' या गेमची गोष्ट जरा वेगळी. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती, म्हणजे यांचं विसर्जन बाप्पा यायच्या आदल्या दिवशीच उरकलं. वर सगळ्यांचे पैसे परत दिले, त्यामुळे कुरकुर करायलाही जागा ठेवली नाही. असं वागणाऱ्या कंपनीपासून सावध राहा, तिच्यामुळे आपल्या अपेक्षा वाढतात.

कॅलिफोर्नियानं जानेवारी २०२५ पासून नियम केला की डिजिटल वस्तू विकताना गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, बाबा रे, ही मालकी नाही, परवाना आहे. म्हणजे कंपन्यांनी फसवणं थांबवायचं नाही, फक्त आधी सांगायचं. आपल्याकडे शेतकऱ्याला १९४८ चा कूळकायदा तरी आहे, 'कसेल त्याची जमीन'. 'खेळेल त्याचा गेम' असा कायदा व्हायला आधी कुणीतरी मोर्चा काढायला हवा, आणि मोर्चाच्या दिवशी नेमका स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल असतो.

सेलमध्ये खरेदी करावीच. माझ्या खात्यात १४२ गेम आहेत, त्यांतले ११ उघडलेत. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पण परत करण्यासाठी आधी तो उघडावा लागतो की नाही, हे बघायलासुद्धा मी अजून उघडलेले नाहीत. उरलेल्या वेळात सेकंदाला ३० फ्रेम की ६० फ्रेम, पीसी की कन्सोल यावर भांडावं. यात कुणी जिंकत नाही, त्यामुळे रोज खेळता येतं आणि अपडेटही लागत नाही.

आणि तोच गेम पुन्हा पुन्हा घ्यावा. 'जीटीए ५' मी २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर घेतला, पुढच्या वर्षी ४ वर, २०२२ मध्ये ५ साठी पुन्हा निघाला तेव्हा परत. तेच शहर, त्याच गाड्या, फक्त डबक्यात पडणारं प्रतिबिंब सुधारलंय. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन आम्ही 'जीटीए'चाच जुना भाग 'व्हाइस सिटी' खेळायचो. एकानंही एकसुद्धा मिशन पूर्ण केल्याचं स्मरत नाही. 'पँझर' टाइप करायचं, आकाशातून रणगाडा पडायचा, आणि मालक "दहा मिनिटं राहिली रे" ओरडेपर्यंत समुद्रकिनाऱ्यावरून तो फिरवायचा. पंधरा रुपयांत एवढं सुख होतं, म्हणून ते बंद करणं भाग होतं. 'जीटीए'चा सहावा भाग २०२५ मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६ ठरलं, मग १९ नोव्हेंबर २०२६. मी ऑफिसात दोनदा रजा टाकून दोनदा मागे घेतली आहे. साहेबांना वाटतं माझ्या धाकट्या भावाचं लग्न सारखं मोडतंय.

शेवटी एक प्रसंग, कारण तो तुमच्यावरही येणार. मागच्या महिन्यात सासूबाई आल्या. पिशवीतून त्यांनी जपून ठेवलेली आमच्या लग्नाची डीव्हीडी काढली. "जावईबापू, आमच्याकडचा प्लेअर बिघडला. ही म्हणाली तुमच्याकडे चांगला भारीतला आहे." सगळं घर सोफ्यावर जमलं. बायकोनं दिवा मालवला. आईनं मालिका सोडली. मी डीव्हीडी हातात घेऊन त्या पांढऱ्या डब्यापाशी गेलो, पुढून बघितलं, मागून बघितलं, आडवा करून बघितला. डिजिटल मॉडेल. डिस्क घालायला त्याला कुठेही फट नाही.

अशा वेळी चेहरा शांत ठेवावा, रिमोट उचलावा आणि म्हणावं, "अपडेट चालू आहे."