शंभर रुपयांची गोळी आणि गळलेलं वाक्य

'टाटा हॉस्पिटलने कॅन्सरची गोळी शोधली, फक्त १०० रुपये! कॅन्सर पुन्हा होणार नाही. केमोने मेलेल्या पेशीच कॅन्सर पसरवतात.' फेब्रुवारी २०२४ पासून हा मेसेज फिरतोय. परवा आत्याने तो मला तिसऱ्यांदा पाठवला. खाली प्रश्न, 'केमो थांबवू का रे?'

'पुन्हा होणार नाही': टाटा हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी तेव्हाच सांगितलं होतं की उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का, याची चाचणी उंदरांवर आणि माणसांवर झाली, पण कॅन्सर परतणं रोखण्याची फक्त उंदरांवर. माणसांवरच्या चाचण्यांना पाचेक वर्षं लागतील. फॉरवर्ड होताना नेमकं हेच वाक्य गळलं.

'मेलेल्या पेशी पसरवतात': हे अगदीच हवेतलं नाही. मरत्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिनं यांचे) कण निरोगी पेशींत शिरून त्यांच्या डीएनएला इजा करतात, असं खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्रातल्या डॉ. इंद्रनील मित्रांच्या गटाने प्रयोगांत दाखवलंय. पण म्हणून केमो सोडायची? रक्तात असा मोकळा डीएनए तुमच्या-माझ्याही असतो. तो १९४८ सालीच सापडला. बराचसा आपल्याच रक्तपेशींचा, आणि तास-दोन तासांत निम्म्याहून जास्त साफ होणारा. शिवाय गाठीतल्या पेशी केमो न घेताही रोज मरतच असतात. उलट उपचार लागू पडले की गाठीचा रक्तातला डीएनए घटतो. ऑपरेशननंतरही तो सापडत राहिला तर आजार परतण्याचा धोका जास्त. म्हणजे गाठ जिवंत ठेवली तर हे तुकडे वाढणार.

'औषध आलंय': मंजुरी मागितली होती ती एफएसएसएआयकडे, म्हणजे अन्नपदार्थ तपासणाऱ्यांकडे.

आता घरगुती आवृत्ती. गोळीत रेस्वेराट्रोल (द्राक्षांतही असणारं एक द्रव्य) आणि तांबं आहे, हे कळल्यापासून आत्या रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून ठेवते आणि सकाळी त्यासोबत मूठभर द्राक्षं खाते. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासातली एक मात्रा होती ५.६ मिलिग्रॅम रेस्वेराट्रोल आणि ५६० नॅनोग्रॅम तांबं. एवढं तांबं म्हणजे काहीच नाही. रोजच्या जेवणातून त्याच्या हजारपटीहून जास्त पोटात जातं. (मग ते गोळीत नेमकं काय करतं, हा प्रश्न मलाही पडतो.) तांब्या भरून ती मात्रा साधत नाही.

आत्याची केमो गुरुवारी आहे. तांब्या मी उचलून ठेवला नाही. द्राक्षं तेवढी नीट धुऊन खा म्हटलं, केमोच्या दिवसांत जंतू लवकर धरतात.