मला सोडून सगळ्यांना ऐकू आलं

बाजारात म्हैस विकायला आणणारा तिचं सकाळचं दूध काढत नाही. कास तट्ट फुगलेली दिसते आणि गिऱ्हाईक भुलतं. आमच्या कराडच्या घरात हे ज्ञान तीन पिढ्या मुरलेलं आहे. तरीही मिशिगनच्या पार उत्तरेला, हॉटन गावी, उणे 15 सेल्सिअसमध्ये मी जुनी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी, बघायला गेलो, विकणाऱ्यानं इंजिन आधीच तापवून ठेवल्याचं हाताला लागलं आणि मनात आलं, 'किती अगत्याचा माणूस!'

गार इंजिन काय बोलतं ते मला ऐकू जाऊ नये, एवढंच त्या अगत्याचं कारण होतं. पण हे कळायला फेब्रुवारी उजाडावा लागला.

स्नोमोबिल हवीच कशाला, हा बाबांचा प्रश्न. त्यांना मी किवीनॉचा, म्हणजे आमच्या या भागाचा, रस्त्याकडेचा उंच फलक दाखवला. 1978-79 च्या हिवाळ्यात इथे 390.4 इंच बर्फ पडला होता, म्हणजे साडेबत्तीस फूट. त्यावर बाबा म्हणाले, "मग घरात बसा." पण इथलं कुणी घरात बसत नाही. हॉटन आणि हॅन्कॉक या दोन गावांना जोडणारा उचलता पूल आहे, त्याच्या खालच्या मजल्यावरून पूर्वी आगगाडी जायची. आता हिवाळ्यात तिथून स्लेड जातात. स्नोमोबिलला इथले लोक स्लेडच म्हणतात. वरून मोटारी, खालून आपण! या एका दृश्यापायी मी 1800 डॉलर मोजले.

पहिल्याच फेरीत बायको मागून ओरडली, "अरे, हे पिठाच्या गिरणीसारखं काय वाजतंय?"

"टू-स्ट्रोक आहे. असंच असतं."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बाबांना यंत्र दाखवलं. बघायचं सोडून ते म्हणाले, "टीव्ही बंद कर गं," आणि फोन कानाला लावला. दहा सेकंदांत निदान आलं, "क्रँकचं बेअरिंग वाजतंय." क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनातला दांडा.

"बाबा, तो फोनचा आवाज आहे."

"तीस वर्षं स्कूटर चालवलीय मी."

मी विषय बदलला. पैसे मोजून झाले की माणसाच्या कानात दडे बसतात.

बर्फ उपसायला आलेल्या शेजारच्या आजोबांनी मात्र विषय बदलू दिला नाही. फिन्निश वंशाचे, आठवड्यातून तीनदा सौना, म्हणजे गरम खोलीत घाम काढणं, आणि दिवसाला साधारण अकरा शब्द. आधी त्यांनी इंजिनाचा जोर पुढे नेणारा बेल्ट काढला आणि इंजिन क्षणभर आयडलला चालू केलं. बेल्ट काढल्यावर खरखर थांबली तर दोष पुढच्या भागात, दुसऱ्या क्लचमध्ये नाहीतर चेनच्या पेटीत. आमची थांबली नाही. मग एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक क्रँककेसवर, म्हणजे क्रँकच्या पेटीवर, टेकवून मूठ कानामागच्या हाडावर ठेवली आणि डोळे मिटले. कराडच्या स्टँडमागचा आमचा मिस्त्री अगदी अस्साच उभा राहायचा. टोक मॅग्नेटोच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, बाजूला नेलं, पुन्हा क्लचच्या बाजूला आणलं आणि मूठ माझ्या हातात दिली. मी कान लावला. आत कुणीतरी खडीसाखर चावत होतं.

इंजिन बंद करून, प्लग काढून त्यांनी क्रँकच्या टोकावरचा क्लच दोन्ही हातांत धरला आणि वरखाली हलवला. टक. फारच बारीक. पण वरखाली बोटाला जाणवेल इतका प्ले म्हणजे बेअरिंग गेलंच. बेल्टचा सगळा ताण याच टोकाला, म्हणून बिचारं आधी खचतं. शेवटी इंजिनाची तोंडं बंद करून आत सहाएक पीएसआय हवा भरली आणि क्रँकच्या सीलवर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडे आले. क्रँक डुगडुगला की सील झिजतं, सील झिजलं की बाहेरची हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टनही हातचा जातो. "आणखी एक फेरी मारली असतीस तर," आजोबा म्हणाले आणि थांबले. अकरा शब्द संपले असावेत.

बेअरिंग गेलं कशानं, हे इंजिन खोलल्यावर दिसलं. गोळ्या ज्या खोबणीतून फिरतात तिच्यावर गंजाचे देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं. टू-स्ट्रोकमधल्या या बेअरिंगांचं जेवण पेट्रोलबरोबर येतं, वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्यासारखं. इंजिन बंद, जेवण बंद. आधीच्या मालकानं ते कित्येक उन्हाळे दमट शेडमध्ये तसंच ठेवलेलं. त्यातून पेट्रोलमध्ये इथेनॉल, आणि ते पाणी ओढतं.

नव्या बेअरिंगवर 6206 लिहिलेलं होतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की भोक किती मिलिमीटरचं ते कळतं, म्हणजे तीस. हे कळल्यावर मी दोन दिवस घरात भेटेल त्याला सांगत होतो. भेटणारी एकच व्यक्ती होती. पुढे 'सी 3', म्हणजे आत जरा जास्त मोकळी जागा, हेही पाहायचं, नाहीतर तापून फुगायला गोळ्यांना आत जागा उरत नाही. पण मधली बेअरिंगं काढायला अख्खा क्रँक प्रेसखाली सुटा करावा लागतो आणि पुन्हा जोडताना डायल लावून सरळ आहे की नाही ते बघावं लागतं. ते काम बाहेर दिलं. बिल खरेदीच्या निम्म्याच्या वर गेलं. बायको काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मी सुधारलोय. निघण्याआधी इंजिन नीट गरम करतो. ऑइल पंपाची केबल खुणेवर आहे ना, ते बघतो. एप्रिलअखेर टाकीत स्टॅबिलायझर घातला, चालू इंजिनात गंज रोखणारं फॉगिंग ऑइल फवारलं आणि गॅरेजमधून असा पांढरा धूर काढला की आजोबा फावडं घेऊन धावत आले.

जुनं बेअरिंग माझ्या टेबलावर असतं. परवा कॉलवर बोलता बोलता ते बोटानं सहज फिरवलं. खर्रर्र. पलीकडे बाबा वाक्य अर्धवट सोडून सरसावून बसले. "हाच! अगं ए, इकडे ये, ऐक. फेब्रुवारीत मी सांगत होतो ना, हाच तो आवाज!"