पहाटे चारला उठून ताण जात नाही

नागपुरातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: बाईनं पहाटे चारला उठून एक तास स्वतःला द्यावा, मदत हवी तर मागावी, आपल्या आज्यांना कुठं होतं डिप्रेशन, आणि गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत.

आधी ते चार वाजणं. ओटा पुसून, उद्याची भाजी निवडून साडेअकराला पाठ टेकणाऱ्या बाईला चारला उठवलं तर हातात साडेचार तास झोप उरते. लागतात निदान सात. त्यात मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली डोळा लागतो तोच उशिरा. झोप सतत तुटली की चिडचिड वाढते, नैराश्याचा धोकाही. तास हवाच, पण तो कामातून काढायचा. केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८.

‘मागा म्हणजे मिळेल’ यात तर खरी मेख आहे. मागायचं म्हणजे लक्षात ठेवायचं काम पुन्हा बाईकडेच. कूलरचंच बघा. ‘जरा पाणी टाका ना’ म्हटल्यानं काम वाटलं जात नाही. टाकीत पाणी किती ते बघणं, नळाच्या वेळेला पाइप लावणं, पंप अडकला तर त्याची जाळी धुणं, उन्हाळ्याआधी खस बदलणं, हे सगळं एकाच्याच नावावर हवं. आठवण करून द्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात एखाद्या रात्री टाकी कोरडी पडेल, गरम वारा येईल. नेमकी तिथं बाई उठून बादली उचलते आणि वाटणी मोडते. (म्हाताऱ्यांची औषधं, तान्ह्या बाळाचं दूध अशी कामं मात्र सुरुवातीला अशी सोपवू नयेत.)

आज्यांचं म्हणाल तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४चं आहे, म्हणजे आज्यांच्याही आज्यांच्या वेळचं.

गोळ्यांच्या बाबतीत दोन वेगळ्या औषधांची सरमिसळ झालीय. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांतही लागू शकते; त्या शेजारणीच्या चिठ्ठीवर घेऊच नयेत. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळतं, म्हणून बऱ्याच जणी मध्येच सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायच्या असतात. एकदम बंद केल्या की चक्कर, अस्वस्थपणा येतो. त्यालाच लोक ‘सवय’ म्हणतात.

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत जावं. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. रक्त कमी असलं (१२च्या खाली) किंवा थायरॉइड मंदावलं तरी असाच गळाठा येतो. जीव नकोसा वाटत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत जावं, सोबत कुणाला तरी घेऊन. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.