मुख्यालय येतंय म्हणे, दुभाजक रंगवा!

एखाद्या बड्या कंपनीला नवं मुख्यालय बांधायचंय, पंचवीस हजार माणसं बसतील एवढी जागा हवीय आणि "ठाणे की नवी मुंबई" असं काहीतरी चाललंय, एवढी कुजबूज पुरते. दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत बॅनर. हात जोडलेले सोळा फोटो, मध्ये कुठूनतरी उचललेलं काचेच्या इमारतीचं चित्र, खाली "आपल्या शहराचा सन्मान". बिल्डर स्क्वेअर फुटाचा दर वाढवून मोकळा. सोसायटीच्या ग्रुपवर कुस्ती जुंपते, नवी मुंबईचा पाम बीच रस्ता भारी की ठाण्याचा उपवन तलाव. अरे, तलाव आणि पाम बीच बघून कोण मुख्यालय बांधतं?

मग पाहणी पथक येणार असतं. त्याच्या आदल्या तीन रात्री जे काम होतं, ते बघून कुणाचंही डोकं फिरेल. दुभाजकांना काळे-पिवळे पट्टे, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, आणि ज्या रस्त्याने गाड्या जाणार तेवढ्याच रस्त्यावरच्या खड्ड्यांत कोल्ड मिक्सची (गरम न करता वापरायच्या डांबर-खडीची) पोती रिकामी. खड्डा चौकोनी कापायचा, आतली माती आणि पाणी काढायचं, कडांना डांबराचा हात मारायचा, मग थरावर थर दाबायचा. यातलं एकही काम होत नाही. साचलेल्या पाण्यावरच मिक्स ओतलं जातं, फावड्याच्या पाठीने दोन थापट्या, झालं. दोन सरी आल्या की डांबर सुटतं, खडी रस्त्यावर पसरते आणि सकाळी स्कूटरवाला वळणावर आडवा. नाहीतर डांबरी रस्त्यातल्या खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवायचे. डांबर दबतं, ब्लॉक दबत नाही, की झाला नवा उंचवटा. तोवर पाहुणे गेलेले असतात.

आणि हे पाहुणे नेमके कशाला आलेले असतात? कंपन्या जागा निवडायला सल्लागार नेमतात. ते आधी आठ-दहा शहरांकडून माहिती मागवतात: जमीन सलग किती, मालकी स्वच्छ आहे का, वीज दोन वेगळ्या उपकेंद्रांतून मिळेल का, विमानतळ किती मिनिटांवर, तासाभराच्या अंतरात राहणारे इंजिनिअर किती. त्यातून दोन-तीन शहरं उरतात. बरेचदा जागा मनात ठरलेलीच असते. दुसरं शहर यादीत असतं ते पहिल्याकडून सवलत उकळायला. साडीच्या दुकानात "समोरच्याकडे शंभर कमी सांगितले" म्हणतात ना, तेच. आपण त्या समोरच्या दुकानाची भूमिका करतो आणि वर रांगोळी काढतो.

ठाणे विरुद्ध नवी मुंबई हा सामनाच मुळात हास्यास्पद आहे. नवी मुंबई महापालिकेचा भाग महसुली नकाशावर ठाणे तालुक्यात येतो. एकाच तालुक्याची दोन टोकं एकमेकांशी चढाओढ करणार, आणि हुंडा देणार एकच राज्य सरकार. अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाचं शहर दोन राज्यांत विभागलंय, मधून एक रस्ता जातो. वर्षानुवर्षं दोन्ही राज्यांनी करसवलती देऊन एकमेकांच्या कंपन्या रस्त्यापलीकडे ओढल्या. कंपनी हलायची, कर्मचारी तेच, घरं तीच, फक्त गाडी वेगळ्या पार्किंगमध्ये. अखेर २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी हे थांबवायचं ठरवलं. त्यांच्यात निदान राज्यं दोन होती हो. आपल्यात तर राज्यही एकच.

आता "शहराच्या तिजोरीत पैसा येईल" ही थाप. ही थाप मारणाऱ्याला महापालिकेचं अंदाजपत्रक उघडून उत्पन्नाच्या बाजूवर बोट ठेवायला सांगा. कंपनीचा प्राप्तिकर केंद्राला. जीएसटीतला राज्याचा वाटा जिथे ग्राहक तिथल्या राज्याला, मुख्यालय कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. व्यवसाय कर माणशी वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, राज्यघटनेनेच मर्यादा घातलीय. पंचवीस हजार माणसांचे झाले सव्वासहा कोटी, तेही राज्याच्या खात्यात. पूर्वी जकात, उपकर, एलबीटी (स्थानिक संस्था कर) होते, म्हणजे शहरात उलाढाल वाढली की पालिकेचं उत्पन्न वाढायचं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि त्याबदल्यात राज्याकडून भरपाई सुरू झाली. ती कशी ठरते? २०१६-१७ चं उत्पन्न धरायचं आणि दरवर्षी ८ टक्के वाढवायचं. म्हणजे शहरात जगातली सगळ्यात मोठी कंपनी आली काय किंवा एक वडापावची गाडी कमी झाली काय, आकडा तोच.

उरला मालमत्ता कर. हा एकच हक्काचा पैसा. तर राज्याच्या आयटी धोरणात आयटी कंपन्यांना मालमत्ता कर घरगुती दराने लावायची सवलत! म्हणजे चकचकीत टॉवरला आणि कोपरखैरण्यातल्या बैठ्या घराला एकाच वर्गात बसवायचं. वर मुद्रांक शुल्कात सूट, वीज शुल्कात सूट, जादा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकाम. जागा टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात असेल तर तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. दिघ्यापासून खाली नेरूळपर्यंत इमारतीची परवानगी, तिची शुल्कं, भाडेपट्ट्याचं हस्तांतरण शुल्क सगळं तिकडे. कचरा, ट्रॅफिक आणि लोकांच्या शिव्या पालिकेकडे. रस्ता कुणाचा, गटार कुणाचं यावर दोन कार्यालयांत पत्रापत्री चालते आणि गटार उघडंच राहतं.

उद्योगांच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत ठाणे-नवी मुंबई विकसित म्हणून "अ" गटात येतात, जिथे सवलती नगण्य. त्यामुळे मोठ्या माशासाठी खास पॅकेज काढावं लागतं. ते समितीत ठरतं, आणि त्यातल्या अटी आपल्याला प्रेसनोटमध्ये वाचायला मिळत नाहीत. मिळतो फक्त रोजगाराचा आकडा: "प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष". त्या "अप्रत्यक्ष"मध्ये चहावाला, सुरक्षा रक्षक, कॅबचालक, पोळीभाजी केंद्र सगळे कोंबलेले. "प्रत्यक्ष"मध्ये तरी नवे किती? वांद्र्याच्या बीकेसीतलं कार्यालय बंद करून ऐरोलीला नेलं, तर तो रोजगार निर्माण झाला नाही, खुर्ची हलली. बोरिवलीचा माणूस आता दादरला उतरून मध्य रेल्वे पकडणार, ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या गर्दीत ट्रान्स हार्बर पकडणार. त्याच्या दोन तासांचा हिशेब कुठल्या सामंजस्य करारात लिहितात?

सामंजस्य करारावरूनच सांगतो. तो करार कुणालाही बांधील नसतो. ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉन या तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने महाराष्ट्राशी ५ अब्ज डॉलर्सच्या गुंतवणुकीचा करार केला. ढोल वाजले. प्रकल्प आला नाही. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप बनवायचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणता म्हणता गुजरातला गेला, तेव्हा महिनाभर "पळवला, पळवला" चाललं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. ज्यावरून गळे धरले ते तिकडेही झालं नाही.

ॲमेझॉनचं उदाहरण तर शाळेत शिकवायला हवं. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं: दुसरं मुख्यालय काढतोय, ५० हजार नोकऱ्या, ५ अब्ज डॉलर्स, बोला. २३८ प्रस्ताव आले. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराने २१ फुटी निवडुंग भेट म्हणून पाठवला. नेवार्क शहर आणि न्यू जर्सी राज्य मिळून ७ अब्ज डॉलर्स द्यायला तयार. निकाल काय? नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टनला खेटून असलेलं आर्लिंग्टन. म्हणजे सत्तेची आणि पैशाची राजधानी, जे कुणालाही पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. पण तोवर २३८ ठिकाणांनी आपली जमीन, पगार, पाणी, कॉलेजं यांची सगळी माहिती फुकटात कंपनीच्या हातात दिली होती. न्यू यॉर्कमध्ये लोकांनी ३ अब्जांच्या सवलतींवर प्रश्न विचारले, तर फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनी तिथून उठूनच गेली.

तरी आर्लिंग्टन ज्या राज्यात आहे त्या व्हर्जिनियाने एक गोष्ट शहाणपणाने केली. पहिल्या २५ हजार नोकऱ्यांसाठी नोकरीमागे २२ हजार डॉलर्स, पण नोकरी आधी तयार व्हायची, पगाराची सरासरी ठरलेली, आणि पैसे मागाहून. २०२३ मध्ये ॲमेझॉनने दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम थांबवलं, तेव्हा न झालेल्या नोकऱ्यांचे पैसे द्यायचा प्रश्नच नव्हता. याच्या उलट अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातलं एक गाव. फॉक्सकॉनने १३ हजार नोकऱ्या सांगितल्या, २०२१ मध्ये तो आकडा १,४५४ वर आला. राज्याच्या करसवलती नोकऱ्यांशी बांधलेल्या होत्या म्हणून राज्य बरंचसं वाचलं. पण तिथल्या माउंट प्लेझंट गावाने आधीच जमिनी घेतल्या होत्या, रस्ते आणि पाइपलाइन टाकल्या होत्या, कर्ज काढून. ते गाव बसलं फेडत.

आपल्याकडे नेहमी माउंट प्लेझंटच होतं, कारण आपण आधी खर्च करतो. आणि तोही चुकीचा. हिशेब करा ना. कार्यालयाला राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी. पंचवीस हजार माणसं म्हणजे सव्वाअकरा लाख लिटर, वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरचं वेगळं. नवी मुंबईकडे मोरबे धरण तरी आहे. ठाण्याकडे स्वतःचं धरण नाही, आणि घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकर किती दिसतात ते मोजा. पंचवीस हजारांतले पाच हजार जण जरी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या तासात रिक्षाने स्टेशनला निघाले, तरी शेअर रिक्षात तिघे धरून १,६६७ फेऱ्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठावीस रिक्षा. कुठल्या स्टँडवर मिनिटाला अठ्ठावीस रिक्षा सुटतात? चाळीस आसनी बसने नेले तर १२५ बस, अर्ध्या मिनिटाला एक. मग कंपनी स्वतःच्या बस लावते, त्या सर्व्हिस रोडवर दुहेरी उभ्या राहतात, आणि रुग्णवाहिका मागे भोंगा वाजवत बसते.

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला ठाण्याला न उतरता थेट ऐरोली गाठता यावी म्हणून कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग आखला. वर्षानुवर्षं रखडला. त्यातलं दिघा गाव स्टेशन मात्र जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. हा एक जोड पूर्ण केला तर दहा बॅनरपेक्षा जास्त कंपन्या येतील, पण त्याचं उद्घाटन आपल्या कारकिर्दीत होईल याची खात्री नसते ना.

मुख्यालय या शब्दाचाही जरा खुलासा करून घेत जा. नोंदणीकृत कार्यालय म्हणजे कायद्याच्या नोटिसा जिथे येतात तो पत्ता. ठाण्यातून बेलापूरला न्यायचा तर दोन्ही एकाच जिल्ह्यात, त्यामुळे विशेष ठराव करायचा, आयएनसी-२२ हा अर्ज भरायचा, संपलं. एक पाटी आणि एक शिपाई. बोईंगने २००१ मध्ये मुख्यालय सिएटलहून शिकागोला नेलं, तेव्हा सोबत जेमतेम पाचशे माणसं होती, विमानं सिएटललाच बनत राहिली. २०२२ मध्ये तेही आर्लिंग्टनला. आणि लांब कशाला जाता? नवी मुंबई जिने वसवली त्या सिडकोचं मुख्यालय बेलापूरला, पण नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉईंटला. मूळ आराखड्यात राज्य सरकारनेच इकडे यायचं होतं. मंत्रालय आजही तिकडेच. ज्यांनी शहर बांधलं त्यांना हलवता आलं नाही, आणि आपण परक्या कंपनीसाठी झाडांना गेरू फासतोय. (डेटा सेंटरबद्दल बोलायलाच नको. रबाळे-महापेत इमारतभर वीज पिणारी यंत्रं आणि आत मोजकी माणसं. गुंतवणुकीच्या आकड्यात ती पहिली.)

तेव्हा पुढच्या वेळी स्थानिक नेत्याने बॅनर लावला की त्याला एवढंच विचारा: नोकरी झाल्यावर पैसे की आधी? कंपनी गेली तर पैसे परत किती? पाणी कुठल्या जलवाहिनीतून? आणि मालमत्ता कर कुठल्या दराने? उत्तर द्यायला जमत नसेल तर निदान स्टेशनबाहेरचा तो बॅनर काढ म्हणावं, रिक्षा स्टँडची पाटी त्याच्यामागे गेलीय आणि रांग चुकीच्या ठिकाणी लागतेय.